आरमारातील माणूस : खांदेरीच्या निमित्ताने कागदपत्रांचा थोडा शोध

आपल्या ज्ञातीचा मेळावा भरला आणि त्यात मायनाक भंडारी यांच्या नावाचा उच्चार झाला नाही, असे सहसा घडत नाही. ते योग्यच आहे. शिवछत्रपतींच्या आरमाराचे एक सुभेदार म्हणून ज्यांचे नाव सभासदासारख्या जवळच्या माणसाने लिहून ठेवले, त्या पुरुषाचे स्मरण आपण करावयाचे नाही तर कोणी करावयाचे? परंतु एका मेळाव्यात असेच एक भाषण संपल्यावर शाळेत जाणाऱ्या एका मुलाने उठून विचारले, "मायनाक गलबतावर होते, हे कळले. पण वल्ही कोण मारीत होते? ते काय खात, आणि कोठे निजत?" सभेत हशा पिकला. वक्त्यांनी प्रश्नाचे कौतुक केले आणि विषय पुढे गेला. प्रस्तुत लेखकास मात्र तो प्रश्न सोडवेना. वल्ही मारणारेही आपलेच होते ना? सुभेदार एक, आणि वल्हेकरी हजारो. आपणांपैकी बहुतेकांचा पूर्वज त्या हजारांतला असण्याचाच संभव अधिक.

या प्रश्नाचे उत्तर कादंबरीतून मिळत नाही, पोवाड्यातून मिळत नाही, आणि, स्पष्टच बोलावयाचे तर, आपल्या सभांतील भाषणांतूनही मिळत नाही. ते मिळालेच तर त्या काळी लिहिलेल्या कागदांतूनच मिळावयाचे. असे कागद कोणते, त्यांत खलाशाचे आयुष्य कितपत दिसते आणि ते वाचताना पाय कोठे घसरतो, हे येथे सांगावयाचे आहे.

पहिला साक्षीदार कृष्णाजी अनंत सभासद. शिवछत्रपतींच्या निधनानंतर, सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, जिंजीच्या मुक्कामी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्याने आपली बखर लिहिली. महाराजांना पाहिलेला, त्यांच्या दरबारात वावरलेला हा मनुष्य. त्याने आरमाराचे वर्णन करताना गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, मचवे अशी नावांची रांगच दिली आहे. दर्यासारंग आणि मायनाक भंडारी या दोघा सुभेदारांचा उल्लेखही त्याच ठिकाणी येतो. आपल्या ज्ञातीच्या अभिमानाला याहून बळकट आधार नाही. पण सभासद हा दरबारचा मनुष्य होता, दर्यावर्दी नव्हता. त्याने जहाजांची नावे दिली, सरदारांची दिली. डोलकाठीवर चढून परबाण सांभाळणाऱ्याचे नाव त्याला ठाऊक नव्हते, आणि ते लिहावे असे त्याला वाटण्याचे कारणही नव्हते. बखर वाचताना ही गोष्ट विसरता कामा नये. बखरकार जे सांगतो त्याइतकेच, तो कोणत्या जागी बसून सांगतो हेही पाहावे लागते.

खलाशाच्या पोटाची खरी वार्ता बखरीत नाही. ती एका रागाच्या पत्रात आहे. १६७५ च्या जानेवारीत महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला एक पत्र पाठविले. त्या वेळी मुरूडसमोर कासा खडकावर पद्मदुर्ग बांधण्याचे काम चालू होते. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या छातीवर दुसरा जंजिरा उभा राहत होता. दौलतखान आणि दर्यासारंग आरमार घेऊन त्या कामाच्या रक्षणास उभे होते. त्यांना रोख रक्कम आणि गल्ला पोचवावा, असा हुकूम जिवाजी विनायकाकडे गेला होता. त्याने तो पाळला नाही. महाराजांनी त्याला जे शब्द ऐकविले ते कोणत्याही अंमलदाराने भिंतीवर लावून ठेवावे असे आहेत. तुझ्या या हयगयीमुळे आरमार उठून गेले आणि सिद्दीने पद्मदुर्गाचे काम बुडविले तर त्याचा जबाबदार कोण, असा त्या पत्राचा रोख आहे.

हे पत्र पुष्कळ वेळा छापले गेले आहे. महाराजांच्या करड्या शिस्तीचे उदाहरण म्हणून ते उद्धृत करतात. आपण ते जरा खालच्या बाजूने, फळीवर बसलेल्या माणसाच्या बाजूने वाचावे. मग त्यातून काय निघते? एक तर, गलबतावरच्या माणसाचे अन्न समुद्रातून येत नव्हते. ते दूरच्या एका मुलकी सुभ्याच्या कोठारातून येत होते. दुसरे, त्याला रोकडही मिळत असे, म्हणजे तो केवळ लुटीच्या आशेवर लढणारा नव्हता. तिसरी गोष्ट अधिक बोचक आहे. कित्येक कोस दूर बसलेल्या एका कारकुनाने लेखणी उचलली नाही, की खडकासमोर नांगरून पडलेल्या माणसाच्या चुलीत जाळ होत नसे. दर्यावर लढाईचा दिवस वर्षात एखादाच येतो, भूक रोज येते. इतिहासात लढाईचे दिवस मोजले गेले. या दुसऱ्या गोष्टीचा पुरावा मिळतो तो असा, कोणी तरी चूक केली म्हणून.

यानंतर ज्याला आरमाराविषयीचे आपल्या भाषेतील सर्वांत शहाणे लिखाण म्हणता येईल, ते रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. शिवछत्रपतींपासून पाच छत्रपतींच्या कारकिर्दी पाहिलेल्या या वृद्ध मुत्सद्द्याने १७१५-१६ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, राज्यकारभाराचे नियम लिहून ठेवले. त्यातील शेवटचे प्रकरण आरमाराचे आहे. आरमार हे राज्याचे एक स्वतंत्र अंग आहे, या त्यांच्या विधानाचा पुनरुच्चार सर्वत्र होतो. त्यापुढचा मजकूर मात्र फारसा कोणी वाचीत नाही, आणि खरा माल तेथेच आहे.

अमात्य सांगतात की जहाजे फार थोर नसावीत, फार लहानही नसावीत, मध्यम असावीत. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा आणि सर्वांवर एक सरसुभा नेमावा. आरमाराचा खर्च मुलखाच्या ऐवजातून नेमून द्यावा. बंदरांच्या उत्पन्नावर तो लादू नये, कारण तसे केले की सावकारांस उपद्रव होतो, सावकार निघून जातात आणि बंदरे बुडतात. कौल घेऊन येणाऱ्या परमुलखीच्या व्यापाऱ्यास त्रास देऊ नये. लढाईत शत्रूचे जहाज शरण येत आहे असे दिसले तरी आपले जहाज त्याला नेऊन भिडवू नये. दूर, आपल्या तोफांच्या माऱ्यात राहून, त्याच्या माणसांना त्यांच्याच होडीने आपल्याकडे बोलवावे. कागदावरचा पंडित हे लिहिणार नाही. शरण आलो म्हणून जवळ बोलवायचे आणि मग अंगावर उडी घालायची, हा डाव कोणावर तरी उलटला होता, कोणी तरी रक्त सांडून हे शिकला होता, आणि ते अमात्यांच्या कानावर गेले होते, हे उघड दिसते.

पावसाळ्याविषयीचा भाग तर दर्यावर्द्यांच्या घरात वाचून दाखवावा असा आहे. दर्या खवळण्याच्या दहा-पंधरा दिवस आधीच आरमार आसऱ्यास आणावे. ते उघड्या बंदरावर ठेवू नये. जेथे जवळ किल्ला आहे, किल्ल्याची नजर आहे, अशाच जागी न्यावे. पण एकाच बंदरास दरवर्षी छावणी करू नये. का? तर आरमारची माणसे एके ठिकाणी बसली की कितीही जरब असली तरी थोडाबहुत उपद्रव व्हायचाच, आणि तो उपद्रव एकाच गावाने दरसाल का सोसावा! अमात्यांना आपल्या खलाशांविषयी आदर होता, भ्रम नव्हता. आपले पूर्वज पर्जन्यकाळी चार महिने किनाऱ्यावर रिकामे बसत तेव्हा गावकऱ्यांच्या माडांवर आणि कोंबड्यांवर त्यांची दृष्टी जात असावी, असा याचा सरळ अर्थ आहे. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहू नये असे कोणास वाटेल. परंतु मला तर हे वाचून ती माणसे अधिकच खरी वाटू लागली.

लाकडाचाही नियम पाहण्यासारखा आहे. तक्ते, सोट, डोलाच्या काठ्या यांसाठी राज्यातील सागवान हुजूरची परवानगी घेऊन तोडावे. आंबा आणि फणस यांची लाकडेही आरमाराच्या कामाची, पण त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. सुतार, लोहार, नांगर आणि दोर यांची कामे करणारे, यांचा समावेश आपण 'आरमार' या शब्दात क्वचितच करतो. पण गुराब आधी अरण्यात आणि मग वाडीतल्या कामठ्यावर तयार होत असे. पाण्यावर ती फार उशिरा येई. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी खडक फोडून केलेली गोदी अजून पाहावयास मिळते. ज्यांना शक्य असेल त्यांनी ओहोटीच्या वेळी तेथे अवश्य जावे. कागद जेथे मुके होतात तेथे दगड पुष्कळ सांगतात.

आता खांदेरी. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी यांनी थळच्या किनाऱ्यासमोरील या ओसाड बेटावर माणसे उतरवून तट घालण्यास प्रारंभ केला. मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा उठला, कारण त्यांच्या बंदरात येणारे-जाणारे प्रत्येक जहाज या बेटावरून दिसते. त्यांनी वेढा घालण्यासाठी जहाजे पाठविली. या प्रकरणाचा जवळजवळ सर्व तपशील आपल्याला कोठून मिळतो? शत्रूकडून. मुंबई आणि सुरत येथील इंग्रज अधिकारी एकमेकांना पत्रे लिहीत, प्रत्येक पत्राची नक्कल ठेवीत आणि ती विलायतेस धाडीत. त्या नकला टिकल्या, आणि १९३१ साली पुण्याहून शिवकालीन इंग्रजी पत्रांचा जो मोठा संग्रह प्रसिद्ध झाला, त्यात त्या वाचावयास मिळतात. शत्रूच्या दप्तरामुळे आपल्या माणसांची हकीकत जिवंत राहावी, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

त्या पत्रांत प्रथम दिसते ती इंग्रजांची चरफड. सप्टेंबरात लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटाला भिडावयास गेला आणि मारला गेला. मोठी जहाजे बेटाभोवती उभी; तरी रात्री थळ-नागावच्या बाजूने लहान होड्या निघत, अंधारात वल्ही मारीत इंग्रजांच्या मधून निसटत आणि दगड, चुना, धान्य, दारूगोळा बेटावर टाकून पहाटेपूर्वी परत येत. त्या हलक्या होड्या उथळ पाण्यातून जात, वाऱ्याची वाट पाहत नसत, आणि जड फ्रिगेटला वळेपर्यंत त्या किनाऱ्यास लागलेल्या असत. वाचकहो, 'वल्ही कोण मारीत होते' या प्रश्नाला येथे प्रथमच अर्धे उत्तर मिळते. नावे नाहीत, पण काम डोळ्यांपुढे उभे राहते. अंधारी रात्र, खडकाळ किनारा, शत्रूच्या तोफा, आणि होडीत बंदुकीऐवजी चुन्याची पोती. खांदेरीचा तट तोफांनी राखला हे खरे, पण तो उभा केला तो या मजुरीने. खाडीच्या तोंडातले खडक ज्याला लहानपणापासून पायाखालचे, त्याच्यावाचून हे कोणाला साधणार होते?

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी सकाळी चाळीस-पन्नास मराठी गलबते किनाऱ्याकडून चालून आली. त्यांचा वेग असा की इंग्रजांना नांगर उचलण्यासही धड सवड मिळाली नाही. 'डव्ह' नावाच्या त्यांच्या गुराबेने निशाण उतरविले आणि ती माणसांसह हाती सापडली. इतर जहाजांनी पाठ दाखविली. 'रिव्हेंज' एकटे उरले. त्यावर कॅप्टन मिंचिन आणि केग्विन होते. ते तोफांच्या जोरावर झुंजले. आपण मराठ्यांची पाच गलबते बुडविली असे इंग्रज लिहितात. आपल्या बाजूची मोजणी हाती नसल्याने हा आकडा त्यांच्या तोंडचा म्हणूनच घ्यावा लागतो. पण तो नाकारण्याचेही कारण नाही. बुडालेल्या गलबतांवर माणसे होती आणि त्यांच्या घरी बायकामुले होती, एवढे तरी आपण स्मरावे. विजयाच्या भाषणांत हा भाग गाळला जातो. अखेर १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी तह करून वेढा उठविला आणि खांदेरी स्वराज्यात राहिली.

या पत्रांतून निघणारी आणखी एक गोष्ट काही ज्ञातिबांधवांस रुचणार नाही. इंग्रजांच्या त्या तांड्यात विलायती जहाजे थोडी. गुराबा, शिबाडे आणि मचवे बरेच. ही नावेच सांगतात की ती येथलीच जहाजे होती, आणि येथल्या जहाजांना हाकणारे हात विलायतेहून येत नव्हते. इतकेच काय, १६६९ ते १६७७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या जेरल्ड आँजियर याने बेटाच्या राखणीसाठी जी फौज उभारली, तिच्यात भंडारी मंडळीच होती. म्हणजे ज्या दशकात मायनाक भंडारी छत्रपतींचे सुभेदार होते, त्याच दशकात मुंबई बेटावरचे भंडारी कंपनीची चाकरी करीत होते. यात लाजण्यासारखे काही नाही आणि लपविण्यासारखेही नाही. किनाऱ्यावरचा मनुष्य ज्या राजाच्या अमलाखाली राहिला त्याची चाकरी त्याने केली. परंतु 'आपली ज्ञाती सदैव अमक्याच पक्षाला होती' अशी सरसकट वाक्ये लिहिण्यापूर्वी हा कागद नजरेखालून घालावा, एवढीच विनंती.

कागद हाताळताना दिनांकांचा घोळ कसा होतो, हे येथेच सांगणे सोयीचे. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुने पंचांग चालविले. पोर्तुगीजांनी नवे पंचांग १५८२ सालीच घेतले होते. सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचे अंतर पडे. म्हणून मुंबईच्या पत्रातील १८ ऑक्टोबर म्हणजे पोर्तुगीज कागदातील २८ ऑक्टोबर. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, तेव्हा जानेवारीच्या पत्रावर मागील वर्षाचा आकडा असतो. मराठी पत्रात शक तरी असतो, किंवा सुहूर सन आणि मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो. हे गणित न करता एकच लढाई दोनदा झाली असे लिहून गेलेले लोक प्रस्तुत लेखकास माहीत आहेत. त्यात एकदा तो स्वतःही होता.

गलबतावर राहणे कसे असेल, याची कल्पना देणारे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराच्या १७६३ च्या ग्रंथात आहे. तो मद्रासेस कंपनीच्या चाकरीत होता. आंग्र्यांच्या आरमाराविषयी तो लिहितो ते शत्रुपक्षाच्या दृष्टीने, तथापि बारकाईने. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन काठ्यांची गुराब तीनशे टनांपर्यंत, दोन काठ्यांची दीडशेपर्यंत. रुंदी लांबीच्या मानाने जास्त, आणि नाळ गॅलीप्रमाणे पुढे निघालेली. समोरची लाट अंगावर घेताना ती फार आपटे, म्हणून नाळेच्या फळीला कठडाच ठेवीत नसत, पाणी यावे आणि वाहून जावे. दोन तोफा पुढे तोंड करून त्या नाळेवरूनच डागीत. गलबत लहान, सत्तर टनांच्या आतले. वजन कमी राहावे म्हणून पुष्कळांची वरची फळी चिरलेल्या बांबूंची केलेली. चाळीस-पन्नास वल्ही, आणि त्यांच्या बळावर ताशी चार मैल चाल.

हे वाचून डोळे मिटावे आणि विचार करावा. चाळीस-पन्नास वल्ही म्हणजे तितके तरी वल्हेकरी. शिवाय लढणारे शिपाई. ऑर्म म्हणतो की गलबते माणसांनी खच्चून भरलेली असत, आणि चढाईच्या वेळी एकेका मोठ्या गलबतावर दोन-तीनशे माणसे असत. वारा पडला की हीच गलबते गुराबांना दोर लावून ओढीत नेत. बांबूच्या चटईसारख्या फळीवर एवढी माणसे. निजण्याची जागा कोठली? त्या मुलाच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर, प्रस्तुत लेखकाच्या मते, हे की निजण्यासाठी जागा नव्हतीच. अशी जहाजे किनाऱ्याची नजर सोडीत नसत आणि सांज झाली की खाडीत शिरण्याकडे त्यांचा कल असे, तो यामुळेही असावा. हे अनुमान आहे, कागद नव्हे. वाचकांनी ते अनुमान म्हणूनच घ्यावे.

१७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. तुळाजी आंग्र्यांचे आरमार त्या वेळी जळाले. कंपनीचेच पूर्वी जिंकलेले 'रिस्टोरेशन' नावाचे जहाज बंदरात होते. त्यावर गोळा पडून आग लागली आणि दोरांनी एकमेकांशी जखडलेल्या गुराबा एकामागून एक पेटल्या. या प्रसंगाचे वर्णन वॉटसनच्या 'केंट' जहाजावरचा शल्यवैद्य एडवर्ड आइव्हज याने आपल्या १७७३ च्या प्रवासवर्णनात केले आहे. त्याशिवाय इंग्रज आरमाराच्या जहाजांच्या रोजनिशा लंडनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. त्या वाचताना पुन्हा एक ठेच आहे : त्या काळी जहाजावरचा दिवस मध्यरात्री सुरू न होता आदल्या दिवशीच्या दुपारी सुरू होई. तेव्हा १२ फेब्रुवारीच्या सायंकाळची आग रोजनिशीत १३ तारखेखाली सापडते.

त्याच दप्तरखान्यात आणखी एक प्रकारची वही आहे, आणि ती पाहिली म्हणजे मन खिन्न होते. ती जहाजाची हजेरीवही. कप्तानापासून पोऱ्यापर्यंत प्रत्येकाचे नाव, हुद्दा, कोणत्या दिवशी जहाजावर आला, तंबाखू किती घेतली, कपडे किती घेतले आणि त्यापोटी पगारातून किती कापले, हे तीत आहे. १७६४ पासून पुढे वय आणि जन्मगावही लिहू लागले. जो पळाला त्याच्यापुढे एक अक्षर, जो मेला त्याच्यापुढे दुसरे. मेलेल्याचे कपडे डोलकाठीपाशी लिलावाने विकीत आणि ते कोणी घेतले, हेसुद्धा लिहून ठेवीत. वॉटसनच्या जहाजावर काम करणारा एखादा दरिद्री पोऱ्या आज नावानिशी शोधता येतो. त्याच्या समोर, त्याच सायंकाळी, पेटलेल्या गुराबेवरून पाण्यात उडी घेणाऱ्या आपल्या माणसाचे नाव आपल्याला कोठेही मिळत नाही.

अगदी कोठेच नाही, असे मात्र नाही. १७५६ नंतर विजयदुर्गाचे आरमार पेशव्यांकडे गेले आणि पुढे धुळपांच्या हाताखाली आले. पुण्याच्या पेशवे दप्तरात आरमाराच्या जमाखर्चाचे मोडी कागद आहेत. त्यांत सारंग, तांडेल, खलाशी, गोलंदाज, शिपाई अशी कामवार वाटणी दिसते. लढाईत पडलेल्याच्या मुलांस पोटगीदाखल जी नेमणूक करून देत तिला बालपरवेशी म्हणत. अशी नोंद सापडली म्हणजे मृताचे नाव, त्याच्या मुलाचे नाव आणि नेमणुकीची रक्कम हाती लागते. इंग्रज खलाशाचे नाव तो जहाजावर पाऊल ठेवताच वहीत चढे. आपल्याकडे ते तो पडल्यावर, आणि तेही मुलाबाळांच्या निमित्ताने, कागदावर येई. ८ एप्रिल १७८३ रोजी आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे 'रेंजर' हे जहाज झुंजून जिंकले. सालबाईचा तह होऊन चुकल्याची बातमी दर्यावर पोचली होती की नव्हती, हा वाद त्यावरून पुढे माजला. त्या लढाईत जखमी झालेला कर्नल हंबरस्टन पुढे विजयदुर्गास मेला, हे प्रत्येक इंग्रजी ग्रंथात आहे. त्याच दिवशी आपल्या बाजूने पडलेल्यांची नावे शोधावयाची तर मोडी वाचता येणाऱ्या तरुणानेच ती शोधली पाहिजेत. आपल्या ज्ञातीत वकील झाले, डॉक्टर झाले, इंजिनियर झाले; मोडी वाचणारे बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

शेवटी एका शब्दाविषयी लिहावयाचे आहे, कारण तो शब्द आपला आहे आणि त्याने प्रस्तुत लेखकास चकविले. आगबोटींच्या काळात मुंबईहून निघणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर देशी खलाशांचे हुद्दे ठरलेले असत : सारंग, तांडेल, सुकाणी, कसब, टोपस, भंडारी. यांतील टोपस म्हणजे झाडलोट करणारा. पण अठराव्या शतकातील कागदांत तोच शब्द पोर्तुगीज वळणाच्या देशी शिपायाला लावलेला असतो. आणि भंडारी म्हणजे आपल्या ज्ञातीचा मनुष्य नव्हे. भंडारी म्हणजे भांडारावरचा, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. तो कोणत्याही जातीचा, कोणत्याही धर्माचा असू शके. म्हणून जहाजाच्या यादीत 'भंडारी' दिसला की तो आपला, असे धरून कोणी ज्ञातीचा इतिहास रचू लागला तर तो हास्यास्पद होईल. सभासदातील मायनाक भंडारी आणि बोटीच्या यादीतील भंडारी, यांत शब्द एकच असला तरी अर्थ दोन आहेत.

आमच्या घरी आजोबांची नळी होती. खलाशाला बोटीवरून उतरताना जो दाखला मिळे, त्याला आपली जुनी मंडळी नळी म्हणत, कारण पूर्वी तो पत्र्याच्या नळीत घालून ठेवीत. आजोबा बोटीवर तांडेल होते, वादळात त्यांनी एकट्याने सुकाण धरले होते, अशा गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकल्या. नळी मात्र कोणी उघडून वाचली नव्हती. ट्रंकेतून ती काढून वाचली तेव्हा हुद्द्याच्या रकान्यात 'भंडारी' असे होते. घरातल्यांची समजूत अशी झाली की गोऱ्या कारकुनाने हुद्दा लिहिण्याच्या जागी जात लिहिली. मीही काही वर्षे तसेच समजत होतो. पुढे हुद्द्यांची यादी पाहिली तेव्हा उलगडा झाला. आजोबा तांडेल नव्हते. ते स्वयंपाकी होते.

हे सांगावे की नाही, याचा पुष्कळ विचार केला. आत्याबाई हयात होत्या. त्यांना सांगितले तेव्हा त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणूनच बाबा घरी आले की आईला चुलीपाशी बसू देत नसत. सगळ्यांचं स्वतः रांधायचे. आम्ही म्हणायचो, दर्यावरून आलेत, हौस असेल." नळीतील पुढच्या रकान्यांत दर सफरीनंतर मारलेले शिक्के आहेत. कामाबद्दल एक, वर्तणुकीबद्दल एक, आणि प्रत्येक ठिकाणी 'फार चांगले'. असे शिक्के चौदा सफरींचे आहेत.